फिकी साडी

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले, तेव्हा आईने माझी गुलाबी साडी परत कपाटात ठेवायला लावली आणि स्वतःची फिकी, राखाडी साडी काढून दिली. म्हणाली, "नटूनथटून गेलीस तर कामाचं कुणी विचारणार नाही." मला रागच आला होता.

व्हायोलेट जेसपची हकिकत वाचताना ती साडी आठवली. अर्जेंटिनात जन्मलेली, वडील गेल्यावर इंग्लंडला आलेली ही मुलगी. आई प्रवासी बोटीवर स्ट्युअर्डेस होती, ती आजारी पडली. मागे धाकटी भावंडं. १९०८ च्या सुमारास जेमतेम विशीतली व्हायोलेट तेच काम मागायला गेली, तर फार तरुण आणि देखणी म्हणून अडली! शेवटी जुनेपाने कपडे घालून गेली, तेव्हा काम मिळालं.

१९१२ मध्ये 'टायटॅनिक' आणि १९१६ मध्ये 'ब्रिटॅनिक' बुडाली, त्या दोन्हींतून ती वाचली. टायटॅनिकनंतर तिला दात घासायच्या ब्रशची फार उणीव भासली होती. ब्रिटॅनिकवर ती परिचारिका होती. ती बोट सोडताना तिने आठवणीने ब्रश उचलला. हे वाचून मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

एवढं होऊन बाई पुन्हा बोटीवरच! बिछाने घालायचे, चहाचे ट्रे पोचवायचे, बोट लागलेल्या बायकांची उस्तवार करायची. १९५० मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा साठी उलटली होती.

आईला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आणि तिची भावंडं शिकली का गं?"