निळ्या डोंगरावरचा निळा पाहुणा

बालमित्रांनो, एक गंमत करून पाहा. घराजवळच्या बागेत जा आणि फुलांचे रंग मोजा. लाल, पिवळी, पांढरी फुलं ढीगभर सापडतील. निळी किती सापडली? गोकर्णीचा वेल असेल तर एक, नाहीतर शून्य! निळं फूल तसं दुर्मीळच. म्हणूनच २०२२ च्या मे महिन्यात उटीला मी जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

उटीला आम्ही मेट्टुपालयमहून छोट्या गाडीनं गेलो. ४६ किलोमीटरचा हा रस्ता. चढ असा की साधी चाकं घसरायचीच. म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत अडकत वर चढतं. ही गाडी १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच, आणि उटी गावच सुमारे २२४० मीटरवर! मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून फिरत होतो, बोला आता!

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणात पायवाटेच्या दोन्ही कडांना निळ्या फुलांची रांग होती. पायऱ्यांवरही त्याच फुलांच्या कुंड्या. पानं आपल्या सुदर्शनासारखी, पट्टीसारखी लांब, पण बारीक. पानांच्या झुबक्यातून एक सरळ दांडा वर आलेला आणि त्याच्या टोकाला निळ्या फुलांचा गोल गेंद. शेतात कांद्याला डेंगळा आलेला तुम्ही पाहिला असेल. अगदी तसाच, फक्त निळा आणि मोकळा. जवळ जाऊन एक फूल पाहिलं. सहा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या मधून गडद निळी रेघ.

माझ्या भाच्यानं लगेच शोध लावला, "मावशी, निलगिरी म्हणजे निळा डोंगर. तो या फुलांमुळेच निळा ना?"

बागेतले माळीबाबा हसले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मोडक्यातोडक्या हिंदीत ते म्हणाले, "नाही बाळा. हा तर पाहुणा आहे. घरचं निळं फूल वेगळं."

त्या फुलाचं नाव अगापँथस. ग्रीक भाषेतले 'प्रेम' आणि 'फूल' हे दोन शब्द जोडून ते तयार झालं आहे. त्याचं माहेर दक्षिण आफ्रिका. तिथून ते सतराव्या शतकात युरोपात गेलं आणि मग जगभरच्या बागांत. विषुववृत्ताच्या दक्षिणेला डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो, म्हणून माहेरी ते तेव्हा फुलतं. उटीला आमच्या मे महिन्याच्या सुट्टीत फुलतं. आणि हो, ते कांद्याच्या आणि सुदर्शनाच्याच कुळातलं आहे बरं का! त्याच्या काही जाती मीटरभर उंच होतात. अंगणातली जात मात्र बुटकी होती, दांड्यासकट जेमतेम दीड फूट. वाफ्याच्या कडेला आणि कुंडीत लावायला अशीच जात बरी. 'पीटर पॅन' नावाची बुटकी जात तर बागवाल्यांमध्ये प्रसिद्धच आहे.

मग घरचं निळं फूल कोणतं? कुरिंजी! ती बारा वर्षांतून एकदाच फुलते आणि मग डोंगरच्या डोंगर निळे-जांभळे होतात. २००६ साली फुलली, नंतर २०१८ साली. आपल्या सह्याद्रीतली कारवी तिची बहीण. तीही सात-आठ वर्षांनी फुलते.

दुसऱ्या दिवशी आम्ही उटीची मोठी वनस्पती बाग पाहिली. १८४८ मध्ये मॅकआयव्हर नावाच्या माळ्यानं तिच्या उभारणीला सुरुवात केली. देशोदेशीची झाडं तिथे आहेत. परतताना अण्णांना मी म्हटलं, "इथे पाहुणेच फार दिसतात." तेव्हा त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. पूर्वी तिथे नुसतं गवत होतं आणि दऱ्यांतून शोला नावाचं दाट रान. इंग्रजांनी ऑस्ट्रेलियातून वॅटल आणि निलगिरीची झाडं आणली. (हो, ज्या झाडाला आपण 'निलगिरी' म्हणतो, ते मुळात निलगिरीचं नाहीच!) ती पसरत गेली आणि कुरिंजीचं गवताळ रान आक्रसत गेलं. अगापँथसनंही न्यूझीलंडमध्ये असाच उच्छाद मांडला आहे. तिथे रस्त्याकडेचे उतारच्या उतार त्यानं व्यापले. "म्हणून पाहुण्याला पाहुण्याच्या जागीच ठेवायचं," अण्णा म्हणाले. "फूल सुकलं की बी धरायच्या आत दांडा कापायचा."

निघताना त्यांनी मला एक रोप दिलं. जूनमध्ये मी ते पाचगणीजवळच्या माझ्या शाळेत नेलं. आमचा भागही थंड, त्यामुळे जमेल असं वाटलं. तिसरीतल्या वर्गमंत्रीण बाईंनी (वय वर्षं आठ!) त्याचं पालकत्व घेतलं. "बाई, मी शाळा सोडायच्या आत हे फुलेल ना?" आमची शाळा चौथीपर्यंतच. मी म्हटलं, "नक्की!"

आणि मुलांनो, तिथेच मी चुकले. रोपाचे मी फार लाड केले. भलीमोठी १५ इंची कुंडी आणली. ऊन लागू नये म्हणून व्हरांड्यात ठेवली. दर महिन्याला मूठ मूठ युरिया घातला. पानं काय सुंदर वाढली! हिरवीगार, लांबलचक. पण २०२३ च्या मेमध्ये फूल नाही. २०२४ चा एप्रिल आला, तरी फूल नाही. निरोपाच्या दिवशी वर्गमंत्रीण कुंडीपाशी बराच वेळ उभी होती. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला. त्यांनी विचारलं, "कुंडी केवढी आहे?" मी सांगितलं. ते खो खो हसले. "बाई, या झाडाला दाटीवाटीनं राहायला आवडतं. एवढ्या मोठ्या कुंडीत ते मुळंच पसरत बसतं. युरियानं पानं वाढतात, फूल नाही. आणि सावलीत कसं फुलेल ते?"

मग आम्ही जूनमध्ये रोप बाहेर काढलं. मांसल, पांढऱ्या मुळांचा गड्डा धारदार चाकूनं कापून दोन केले आणि दोन ८ इंची कुंड्यांत लावले. माती, वाळू आणि शेणखत सारखं घेतलं, तळाला खापऱ्या घातल्या. मुळं कुजू नयेत म्हणून धो धो पावसात कुंड्या वळचणीला आणि पाऊस संपल्यावर थेट उन्हात. थंडीत पाणी बेतानंच. युरिया बंद!

२०२५ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती. एका सकाळी दारावर थापा पडल्या. दारात वर्गमंत्रीण, आता हायस्कूलची पाचवी पास झालेली. धापा टाकत म्हणाली, "बाई, दांडा आलाय! दोन्ही कुंड्यांना!"

"तुला कसं कळलं?"

"मी रोज पाणी घालते ना. शाळा सोडली म्हणून काय झालं?"

आठवड्यात दोन्ही गेंद उमलले. फुलं सुकल्यावर दांडे तिनेच कापले, नेमके बी धरायच्या आत.

तुमच्याकडे हवा थंड असेल आणि रोज पाच-सहा तास ऊन मिळत असेल, तर तुम्हीही हे झाड लावून पाहा. वाफ्याच्या कडेला लावायचं तर दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. कुंडीतलं रोप तीन-चार वर्षांनीच हलवा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, हे झाड तोंडात घालायचं नाही. ते विषारी आहे, आणि चीक अंगाला लागला तर खाज सुटते. कापाकापी मोठ्यांना सोबत घेऊनच करा आणि हात धुवा.

आणि कधी डोंगरात कारवी फुललेली दिसली, तर थांबून बघा बरं का. ती आपली घरची आहे.