दिवेघाट, दिंडीचा ट्रक आणि जादा पाटा

आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते, तो दिवस साऱ्या वाटचालीत सर्वांत लांब पल्ल्याचा. हडपसर मागे पडले की समोर दिवेघाट उभा राहतो. रथाला इथे जादा बैलजोड्या जुंपतात. टाळमृदंगाच्या गजरात माणसे घाट कधी चढून गेली, ते त्यांचे त्यांनाच कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी गावच्या दिंडीबरोबर मीही ही वाट चाललो. आम्ही पायी, पण आमचा संसार ट्रकमध्ये. तंबू, वळकट्या, धान्य, पातेली, शेगड्या आणि मागे फाळक्याजवळ हजार लिटरची पाण्याची टाकी. पंढरपूरपर्यंतचे आमचे फिरते घरच ते!

सासवडला पोचलो तर ड्रायव्हर तोंड पाडून बसलेला.

"माउली, गाडी मागं बसलीय. घाटात वळणावर स्टिअरिंग हलकं लागत होतं."

वाकून पाहिले. मागच्या कमानी सपाट झाल्या होत्या आणि डावीकडचा एक पाटा मधोमध तडकला होता.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. मंडळी सोपानदेवांच्या समाधीच्या दर्शनाला गेली आणि आम्ही दोघे-तिघे ट्रक घेऊन गॅरेजवर गेलो. दिंडीतल्या जाणत्यांनी आधीच निकाल दिला होता. तुटका पाटा बदला, शिवाय दोन्हीकडे एकेक जादा घाला. घाटाला बैलजोडी वाढवतात, तसा ओझ्याला पाटा वाढवायचा!

मिस्त्रीने हात पुसत आमचे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पाटा घालतो, माउली. पण पाटा ओझं तोलतो, ब्रेक लावत नाही."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. जादा पाटा घातला की गाडीची पाठ वर येते आणि आपल्याला वाटते, ओझे पेलले. पण ते ओझे पुढे आसावर, बेअरिंगवर, टायरवर आणि ब्रेकवर पडतेच. टायर किती भार घेईल ते टायरवरच छापलेले असते. गाडीचे भरलेले वजन किती असावे, ते आरसी बुकात लिहिलेले असते. पाटा वाढवून यातला एकही आकडा वाढत नाही. उलट रिकाम्या गाडीला ताठ कमान दणके देते.

मग मिस्त्रीने आमची टाकी पाहिली आणि विचारले, "बैलगाडी उलाळ झाली तर काय करता?"

शेतकऱ्याला याचे उत्तर शिकवावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की जू वर उचलते. मग आपण पोती पुढे सरकवतो. ट्रकचेही तसेच. हजार लिटर पाणी म्हणजे दहा क्विंटल. आमच्या ट्रकच्या दोन आसांत साधारण ४ मीटर अंतर, आणि टाकी मागच्या आसाच्या १ मीटर मागे. हिशेब केला तर टाकीमुळे मागच्या आसावर साडेबारा क्विंटल भार पडत होता, आणि पुढच्या आसावरचा अडीच क्विंटल कमी होत होता. चाके हलकी का लागत होती, ते कळले. तीच टाकी केबिनला लागून, दोन्ही आसांच्या जवळजवळ मधोमध आणली, तर दोन्हीकडे पाच-पाच क्विंटल.

मिस्त्रीने तडकलेला पाटा त्याच लांबी-जाडीचा नवा बसवला. दोन्हीकडच्या कमानी, बुश आणि यू-बोल्ट तपासले. जादा पाटा घातलाच नाही. टाकी पुढे घेऊन घट्ट बांधली. पाणी वाटेत न नेता मुक्कामी भरायचे ठरले, कारण अर्धी टाकी वळणावर हिंदकळते.

पुढे एका वजनकाट्यावर गाडी चढवली. आधी पूर्ण वजन घेतले, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. एकूण वजन आरसीपेक्षा अजूनही जास्तच निघाले. तेव्हा बायकांनी पुढाकार घेतला. नको असलेली पातेली, जादा सरपण, दोन-दोन पोती जास्तीचे धान्य त्यांनी बाजूला काढले आणि ते गावाकडे जाणाऱ्या टेम्पोतून परत पाठवले. "चुलीला किती लागतं ते आम्हाला आधी विचारायचं होतं," असे एका मावशींनी सुनावले. त्यांचे खरेच होते!

जेजुरीचा भंडारा, वाल्हे, नीरा नदीवरचे पादुकांचे स्नान, लोणंद असे करत आम्ही पंढरीला सुखरूप पोचलो. वाटेवर ट्रक जवळून गेला की माझी नजर आधी चाकांकडे जाई. त्या चाकांपासून हातभर अंतरावर कोणाची म्हातारी आई चालत असते, कोणाचे लेकरू खांद्यावर असते.

मंडळी, दिंडीचा ट्रक असो, भाजीचा टेम्पो असो की उसाची ट्रॉली. पाटा वाढवण्याआधी वजन करा, ओझे पुढे घ्या, आणि तरीही जास्त भरले तर उतरवा.