दुसरी तारीख

अन्नासाठी सरकारदरबारी अर्ज करणे ही स्वाभिमानी मनुष्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट होय, आणि ती जड गोष्ट मनाचा हिय्या करून एकदा पार पाडल्यावर केवळ एक फोन चुकला एवढ्या सबबीवर त्याचा अर्ज निकालात निघावा, ही व्यवस्था मला गेली काही वर्षे अस्वस्थ करीत आली आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ज्या गावात मी राहतो, तेथील सार्वजनिक ग्रंथालयात सरकारी अर्ज भरण्यास साहाय्य करणाऱ्या स्वयंसेवकांचे एक टेबल असते, आणि शनिवारी सकाळी मी तेथे बसतो. येणाऱ्यांच्या भाषा निराळ्या, वये निराळी, कहाण्याही निराळ्या. परंतु ज्या अन्नसाहाय्याला येथे आता ‘स्नॅप’ म्हणतात आणि जुनी माणसे अद्यापही ‘फूड स्टॅम्प’ म्हणतात, त्याच्या अर्जदारांची विवंचना बहुधा एकच असते: मुलाखतीचा फोन आला तेव्हा घेता आला नाही, आता अर्ज बाद झाला काय?

अर्ज दाखल झाला म्हणजे साहाय्य मिळाले असे नव्हे. पात्रता ठरविण्यापूर्वी कचेरीने अर्जदाराची मुलाखत घेतली पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. पूर्वी ही मुलाखत समोरासमोर होत असे, आता ती बहुतेक ठिकाणी फोनवर होते. मिळकत किती, घरभाडे किती, वीज आणि इंधन यांचा खर्च कोण देतो, मुलांना सांभाळण्यासाठी काही द्यावे लागते काय, घरात साठी उलटलेले कोणी असल्यास त्याच्या औषधपाण्याचा खर्च किती, असे प्रश्न त्यात येतात. आणि एका छपराखाली राहणाऱ्यांपैकी एकत्र अन्न विकत घेऊन एकत्र शिजवून खाणारे कोण, हाही एक महत्त्वाचा प्रश्न असतो, कारण या कायद्याच्या दृष्टीने कुटुंब बव्हंशी चुलीवरून ठरते. आपल्याकडे शिधापत्रिकेसाठी वेगळी चूल दाखविण्याचा जो शिरस्ता आहे, त्याची येथे मला नेहमी आठवण होते. या प्रश्नांत गैर काहीच नाही. सार्वजनिक पैशाचा विनियोग चौकशीवाचून होऊ नये, हे मला सर्वथा मान्य आहे. माझी हरकत आहे ती प्रश्नांना नव्हे, ते ज्या वेळी विचारले जातात त्या वेळेला.

गेल्या हिवाळ्यात एक मराठी बाई त्या टेबलाशी आल्या. पतीच्या निधनानंतर शाळकरी मुलासह येथेच राहिलेल्या, या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या, आणि एका किराणा दुकानाच्या मागील स्वयंपाकघरात दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या. कचेरीच्या पत्रात मुलाखतीसाठी एक दिवस नेमून दिला होता आणि सकाळी आठ ते बारा या वेळात केव्हाही फोन येईल असे लिहिले होते. दुकानात कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवावा लागे. सुटीच्या वेळी त्यांनी पाहिले तो नंबर न दिसणारा एक चुकलेला फोन आणि एक ध्वनिमुद्रित निरोप. त्या निरोपात परत फोन करण्याचा क्रमांक इतक्या घाईने उच्चारलेला होता, की पत्राच्या पाकिटामागे त्यांनी तो तीन वेळा लिहून घेतला होता आणि तिन्ही वेळा शेवटचे दोन आकडे निराळे उतरले होते.

‘काका, हात पिठात होते हो,’ त्या म्हणाल्या. ‘आता ते मला देणार नाहीत ना?’

‘तसं नाही ताई,’ मी म्हटले. ‘तुमचा अर्ज अजून चालू आहे. आपल्याला फक्त दुसरी तारीख मागायची आहे.’

‘मागितली तर रागावणार नाहीत?’

या प्रश्नाने मला जितके वाईट वाटले तितके त्यांच्या अडचणीच्या हकिकतीनेही वाटले नव्हते. जो मनुष्य महिन्याच्या अखेरीस स्वतःच्या ताटातले कमी करून मुलाला वाढतो, त्याला सरकारी कचेरीतील अनोळखी व्यक्तीच्या रागालोभाची धास्ती वाटावी, इतका दुबळेपणा गरज माणसात आणते. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात छापलेला क्रमांक आम्ही ग्रंथालयाच्या फोनवरून फिरविला, कारण त्यांच्या फोनमध्ये भरलेली मिनिटे संपत आली होती, आणि त्या कचेरीत सवड मिळेपर्यंत तिष्ठत राहायचे तर मिनिटेच खर्ची पडतात. सूचनांचा ध्वनिमुद्रित आवाज, मग संगीत, मग पुन्हा तोच आवाज, असे पुष्कळ वेळ चालले. अखेर ज्या बाई बोलल्या त्या सौजन्याने बोलल्या, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे; दुपारी अडीचनंतर सुटी असते असे सांगताच त्यांनी तीन वाजताची वेळ नोंदविली. आमच्या ताई मात्र प्रत्येक वाक्यामागे ‘सॉरी’ म्हणत होत्या. त्यांनी कोणाचीही क्षमा मागण्याचे काही कारण नव्हते.

कारण दुसरी तारीख ही कृपा नव्हे, तो हक्क आहे. या साहाय्याचे संघराज्यीय नियम याविषयी पुरेसे स्पष्ट आहेत: अर्जदार पहिल्या मुलाखतीस चुकला तर मुलाखत चुकल्याची नोटीस कचेरीने त्याला पाठविली पाहिजे, अर्जाच्या तारखेपासून 30 दिवसांच्या आत त्याने दुसरी मुलाखत मागितल्यास ती दिली पाहिजे, आणि केवळ पहिली मुलाखत हुकली म्हणून ही मुदत उलटण्यापूर्वी अर्ज नामंजूर करता येत नाही. मागण्याचा भार अर्जदारावर आहे खरा, पण मागितल्यावर नाकारण्याचा अधिकार कचेरीला नाही. म्हणून घाबरून नवा अर्ज करणाऱ्यांना मी नेहमी थांबवितो. साहाय्याची रक्कम अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, आणि जुना अर्ज सोडून नवा केला की मधले दिवस अर्जदाराच्या हातून जातात. ते दिवस त्याने अर्धपोटी काढलेले असतात.

या योजनेचा इतिहास पाहिला तर उंबरठ्याची उंची हा तिचा जुना प्रश्न आहे असे दिसते. 1939 साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे ती प्रथम सुरू झाली, तेव्हा गरजू मनुष्याने रोख पैसे देऊन नारिंगी तिकिटे घ्यावयाची आणि त्या प्रत्येक डॉलरमागे अर्ध्या डॉलरची निळी तिकिटे त्याला मोफत मिळावयाची, अशी रीत होती. 1964 साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने योजनेला कायमचा कायदा लाभला, तरी आधी पैसे भरण्याची अट राहिलीच. ज्याच्यापाशी रोकड नाही त्याला रोकड भरल्यावाचून साहाय्य नाही, असा हा विपरीत न्याय होता. 1977 च्या कायद्याने ती अट काढली, 1979 च्या जानेवारीत ती प्रत्यक्षात गेली, आणि त्या एका महिन्यात साहाय्य घेणाऱ्यांत सुमारे 15 लाखांची भर पडली. ही माणसे त्या महिन्यात नव्याने दरिद्री झाली नव्हती. ती आधीपासून दाराबाहेर उभी होती.

आज रोकडीची जागा वेळेने घेतली आहे, असे मी म्हणतो. ज्याची नोकरी तासावर, ज्याचा फोन मालकाच्या हुकमाने कपाटात, त्याच्यापाशी सकाळचे चार तास मोकळे कोठून असणार? लॉस एंजलिस काउंटीत संशोधकांनी एक प्रयोग केला: काही अर्जदारांना, कचेरीच्या फोनची वाट न पाहता, आपल्या सोयीने स्वतः फोन करून मुलाखत देण्याची मुभा दिली. अशा अर्जदारांत मंजुरीचे प्रमाण सुमारे 6 टक्क्यांच्या फरकाने अधिक भरले. अर्जदार तसेच, प्रश्न तेच, नियम तेच. वेळ कोणी ठरवायची एवढेच बदलले. याच्या उलट बाजूस मिसूरी राज्याचे उदाहरण आहे. तेथे मुलाखतीसाठी फोन करणाऱ्यांना तासन्‌तास ताटकळावे लागे, रांग भरली की फोन आपोआप तुटत, आणि मग मुलाखत न दिल्याच्या कारणावरून अर्ज फेटाळले जात. 2022 साली त्याविरुद्ध दावा लागला आणि 2024 च्या मे महिन्यात संघराज्यीय न्यायालयाने ही पद्धत कायद्याचा भंग करणारी आहे असा निर्णय दिला. फोन उचलला न जाण्याचा दोष कचेरीकडे असता शिक्षा मात्र अर्जदाराने भोगावी, हे न्यायासनाला पटले नाही, आणि कोणाही विचारी मनुष्याला ते पटू नये.

आमच्या ताईंची मुलाखत ठरल्या वेळी झाली, अर्ज मंजूर झाला आणि रक्कम मूळ अर्जाच्या तारखेपासून धरली गेली.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या संपन्न वस्त्यांतही असा एखादा शेजारी, दुकानातील एखादी कामकरीण, लेकाकडे राहून एकाकी झालेले एखादे वृद्ध जोडपे असू शकते, आणि ते लाजेने आपल्याला काही सांगणार नाहीत. त्यांच्या हाती असे पत्र दिसले तर ते त्यांच्यासह शांतपणे वाचा. मुलाखत मराठीत हवी असल्यास दुभाषा विनामूल्य मिळतो. फोनवर जमत नसेल तर समोरासमोर मुलाखत मागता येते. अर्जदाराने लेखी नेमलेला विश्वासू मनुष्यही त्याच्या वतीने बोलू शकतो. आणि अर्ज नामंजूर झालाच, तर 90 दिवसांच्या आत सुनावणी मागता येते. परंतु पाळी तिथवर जाऊ देऊ नका. फोन चुकल्याचे कळेल त्याच दिवशी पत्रावरील क्रमांक फिरवा, ज्या व्यक्तीशी बोलणे झाले तिचे नाव आणि वेळ टिपून ठेवा, आणि दुसरी तारीख मागा.