झीज कोणाच्या बाजूने?

गोल्फच्या नियमपुस्तकात ४.१ क्रमांकाच्या नियमात एक तरतूद आहे. नियमबरहुकूम असलेल्या क्लबचे गुणधर्म नेहमीच्या वापराने झिजून बदलले, तरी तो नियमबरहुकूमच मानावा, असा तिचा आशय. कायद्याच्या भाषेत एवढी माया क्वचित आढळते. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. गोल्फशी आमचा संबंध इतकाच, की आमचे एक मामा लष्करातून निवृत्त झाल्यावरही छावणीच्या मैदानावर नेमाने खेळतात आणि शब्दांचा कीस काढायची वेळ आली की पुस्तक काखोटीला मारून आमच्याकडे येतात.

या खेपेचे निमित्त जरा बोचरे होते. मामांचा वेज, म्हणजे चेंडू उंच उडवून हिरवळीवर थोपवणारा कलत्या तोंडाचा क्लब, १९९०च्या दशकातला आहे. मासिक स्पर्धेआधी एका तरुण सभासदाने तो हातात घेऊन, ‘अंकल, या खाचा आता चालत नाहीत,’ असे चारचौघांत सांगितले. मामांनी वाद घातला नाही. स्पर्धेतून नाव मात्र काढून घेतले. तीस वर्षे शिस्तीत काढलेल्या माणसाला आपल्या हातात बेकायदा वस्तू आहे, ही शंकासुद्धा सोसवत नाही.

शंका निराधार होती. वेजच्या तोंडावरच्या आडव्या खाचा गवत आणि पाणी बाजूला सारतात, त्यामुळे चेंडूला फिरकी मिळते. त्या खाचांचे आकारमान आणि कडांची धार यांवर नवी मर्यादा १ जानेवारी २०१०पासून आली. पण ती नव्याने घडवल्या जाणाऱ्या क्लबांसाठी होती. जुन्या क्लबांवर ती लागते फक्त आयोजकांनी तसा स्थानिक नियम केला तर, आणि तो निष्णात खेळाडूंच्या स्पर्धांपुरताच करावा अशी शिफारस आहे. मामांच्या मैदानावर तसा नियम नव्हता. शिवाय त्यांच्या खाचा इतक्या झिजल्या आहेत, की त्यांत गवताची काडीही नीट अडकत नसेल.

याच बदलाच्या वर्षी एक गंमत झाली. पिंग या कंपनीचा अमेरिकेतील गोल्फ संघटनेशी जुना तंटा होता. १९९० साली तडजोड होऊन, त्या वर्षीच्या १ एप्रिलपूर्वी घडवलेले तिचे ‘आय २’ क्लब कायमचे मान्य ठरले होते. २०१० उजाडताच फिल मिकलसनसारख्या व्यावसायिकाने स्पर्धेत तसला वीस वर्षांचा वेज बाहेर काढला. एका सहखेळाडूने त्यास फसवणूक म्हटले, मग माफी मागितली. मार्चमध्ये पिंगने आपला हक्क सोडला तेव्हा कोठे प्रकरण मिटले. जुने ते सोने हे आपण म्हणतो, येथे ते अक्षरशः खरे ठरले होते.

खाचा पुन्हा कोरून घ्यायच्या म्हटल्या तर माया संपते. मुद्दाम बदललेला भाग नवा समजला जातो आणि त्याने मोजमापात बसलेच पाहिजे. आमच्या आजीचा पाटा गुळगुळीत झाला की दारावरून ‘टाकीऽऽ’ अशी आरोळी देत जाणाऱ्या बाईला बोलावून ती त्याला टाकी लावून घेई. वापराने पाटा गुळगुळीत होणे आणि टाकी लावून तो खरखरीत करणे, यांतला भेद तिला कोणी शिकवावा लागला नसता.

येथवर सारे सरळ आहे, कारण येथे झीज म्हणजे नुकसान. आपल्या भाषेचाही तोच समज: चंदन झिजते, देह झिजतो, आणि झिजणाऱ्याविषयी आदर वाटतो. पण वाण्याचे वजन झिजले तर? एक किलोचे वजन वापराने हलके झाले की प्रत्येक तागडीमागे नफा वाण्याचाच होतो, त्याची इच्छा असो वा नसो. म्हणून वजनांवर माया नाही. ठरावीक मुदतीने ती तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात.

ड्रायव्हर नावाचा क्लब या वजनाच्या जातीचा आहे. त्याचे टायटॅनियमचे तोंड पातळ असते. हजारो फटक्यांनी ते अधिक लवचिक होते आणि चेंडूला जास्त उसळी देऊ लागते. ते मोजण्यासाठी लंबकाला बांधलेला पोलादी गोळा तोंडावर आपटतात आणि स्पर्श किती काळ टिकला ते पाहतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ची सूट. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. वापरणाऱ्या हाताला हे कळणे शक्य नाही, आणि तडकण्याच्या बेतात आलेला ड्रायव्हर सर्वांत लांब मारतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत मर्यादा ओलांडलेला ड्रायव्हर, केवळ वापराने तसा झाला असला तरी, बाजूला ठेवावा लागतो. आमच्या मते हे योग्यच आहे.

अयोग्य आहे ती तपासणीची रीत. २०१९ साली रॉयल पोर्टरशच्या ओपन स्पर्धेत ३० खेळाडूंचे ड्रायव्हर तपासले गेले. झँडर शॉफलीचा अडकला, बातमी फुटली, आणि एका खेळाडूने त्याला लोकांदेखत लबाड म्हटले. थट्टेतच, पण शब्द चिकटला. तपासायचे तर सगळ्यांचे तपासा, असे तो वैतागून म्हणाला. २०२५च्या मे महिन्यात क्वेल हॉलो येथील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेतही तपासणी सुमारे एकतृतीयांश खेळाडूंचीच झाली. निकाल गुप्त राहायचे होते. रोरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर नापास झाल्याचे शुक्रवारी बाहेर आले. स्कॉटी शेफलरचाही झाला होता, पण हे त्याने स्वतः सांगितले ते रविवारी, बदली ड्रायव्हरने पाच फटक्यांनी स्पर्धा जिंकल्यावर. मधले दिवस संशयाचे ओझे एकट्या मॅकिलरॉयने वाहिले. खेळाडूंच्या हेतूविषयी शंका नाही, हजारो फटक्यांनी असे होतच असते, असे आयोजकांनी जाहीर केले होते. पण खुलासा वाचण्याइतका धीर बातमी वाचणाऱ्याला कोठून असणार?

सगळ्यांचे ड्रायव्हर तपासावेत, म्हणजे नापास झालेल्यांच्या यादीत एखादेच नाव उरणार नाही. त्यासाठी यंत्रे लागतील, माणसे लागतील, मंगळवारची सकाळ जाईल. ती जावी.