पाठवणी कोणाची?

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे वाडवडील सांगून गेले. सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या आम्हां कारकुनांपुढे घर बांधण्याचा प्रश्न सहसा येत नाही. लग्न मात्र टळत नाही. आमच्या धाकट्या भगिनीने बंगळुरातलाच एक कन्नड तरुण पसंत केला आणि वडील हयात नसल्याने वधूपित्याचे पद हंगामी नेमणुकीने आमच्याकडे आले.

बंगळुरात स्वागतसमारंभ पुष्कळदा मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळीच उरकतात. 'आरतक्षते' हे त्याचे कन्नड नाव. पुण्याहून आलेले आमचे काका आहेराचे पाकीट खिशातून काढीनात. "अजून लग्न लागलेले नाही, मग अभिनंदन कशाचे करावयाचे?" काकांची शंका कायद्याला धरूनच होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. कलम सातवे आणि पाऊलही सातवे! शेवटी, मंजुरीच्या अपेक्षेने केलेला खर्च सरकारातही चालतो, असे आम्ही समजावले, तेव्हा कोठे पाकीट बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव छत्री, काठी व पोथी घेऊन काशीस निघाला. काकूंच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांना सांगावे लागले की हा काशीयात्रेचा विधी असून, वराला वाटेत अडवून कन्या देऊ करणे हे वधूपक्षाचे कर्तव्य आहे. वास्तविक ही थट्टा आपल्याला परकी नाही. आपला बटूही सोडमुंजीच्या वेळी काशीची वाट धरतो आणि मामा 'माझी मुलगी देतो' म्हणून त्यास परतवतो. काशीचे तिकीट दोन्ही प्रांतांत निघते. ते रद्द होण्याची तारीख तेवढी वेगळी.

मामांचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. आपल्याकडे बोहल्यावर मामा भाचीच्या पाठीशी उभा राहतो. कर्नाटकात मात्र कित्येक घराण्यांत त्याला तिच्या समोरही उभे राहता येत असे, म्हणजे नवरदेव म्हणून! १९५५ च्या कायद्याने मामा-भाचीचे नाते विवाहास वर्ज्य मानले, परंतु जेथे तशी रूढी आहे तेथे सूट ठेवली. ही माहिती कानी पडल्यावर आमचे मामा मंगलाष्टके संपेपर्यंत आपल्या जागेवरून तसूभरही पुढे सरकले नाहीत.

अंतरपाट दूर होताच वधूवरांनी एकमेकांच्या मस्तकी जिरे-गूळ ठेवला. मग आमच्या हक्काची कानपिळी आली. पुरोहितांना हा विधी नवा होता. नवरदेवाने विचारले, "हे कशासाठी?" बहिणीला नीट वागवावे, अशी ही भावाची ताकीद आहे, असे आम्ही म्हणालो. त्याने क्षणभर विचार केला आणि दुसरा कानही पुढे केला. त्या घटकेला आम्ही निर्धास्त झालो. काकांचे समाधान पंगतीत झाले. आपण दिवाळीत करतो तो चिरोटा बंगळुरात लग्नाच्या पानाचा मानकरी आहे. वर पिठीसाखर आणि बदामाचे दूध. काकांनी तिसरा चिरोटा मागून घेतला.

मंगळसूत्राच्या दोन वाट्यांचा अर्थ कन्नड व्याह्यांना समजावून द्यावा लागला नाही. एक माहेरची, एक सासरची. त्यांच्याकडेही अनेक घरांत अशाच दोन ताळ्या असतात. पण माहेरची वाटी ओवली जात असताना आमच्या मनात आले, की हिचे माहेर नेमके कोठे आहे? वडिलांच्या बदल्यांबरोबर ते नागपूर, भोपाळ, हैदराबाद असे हिंडले आणि पुढे आमच्याबरोबर येथे आले. आता तर आमच्या बदलीचा हुकूमही निघाला आहे, तो गुवाहाटीचा. बहीण वसाहतीपासून चार मैलांवर बसवनगुडीत नांदायला गेली आणि गाव सोडून जाणार आम्ही! हुकूम वाचून ती म्हणाली, "दिवाळसणाला तुम्हीच इकडे या. वहिनीची ओटी मी भरीन."

सरकारी कर्मचाऱ्यास प्रवाससवलतीसाठी आपले मूळ गाव नोंदवून ठेवावे लागते. १९८८ च्या नियमांप्रमाणे ते अपवादात्मक कारणासाठी, खातेप्रमुखांच्या संमतीने, साऱ्या सेवेत फक्त एकदाच बदलता येते. आमच्या नोंदीत मिरज आहे, पण तेथील घर केव्हाच विकले गेले. मुलीचे गाव लग्नाने एकदा बदलते, तशी कारकुनालाही एक संधी दिलेली आहे म्हणायची. अर्ज लिहून तयार आहे. नव्या गावाचे नाव बंगळूर असे घातले आहे. कारणापुढे 'माहेर' एवढेच लिहिले तर साहेबांना चालेल का, याचा विचार चालू आहे.