नावाचा कोपरा

माणसाचा कुलपावर फार विश्वास. कोठीला कुलूप, कपाटाला कुलूप, आणि लोणच्याच्या बरणीला फडके बांधून वर गृहिणीचा डोळा! तेव्हा संकेतस्थळावर मांडलेल्या चित्रांनाही कुलूप घालावे असे कुणाला वाटले, तर त्यात नवल ते काय? आईच्या रांगोळ्यांची मी वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे पुतण्याच्या मदतीने एका संकेतस्थळावर ठेवली होती. गेल्या दिवाळीत त्यांतलीच एक रांगोळी एका दुकानाच्या जाहिरातीत बसून माझ्या फोनवर आली. चित्राच्या कोपऱ्यात मी आईचे नाव घातले होते. तो कोपरा बेताने कातरलेला होता.

पुतण्या म्हणाला, “काका, आता कुलपे घालू.” त्याच्यापाशी तऱ्हातऱ्हांची कुलपे निघाली. पहिले असे, की चित्रावर राइट क्लिक केले तरी प्रत उतरवून घेण्याची यादीच उघडू नये. दुसरे त्याहून मिस्कील : चित्रावर एक पारदर्शक चित्र पांघरायचे, म्हणजे नेणाऱ्याच्या हाती कोरा कागद लागावा. तिसरे वॉटरमार्कचे, चित्राच्या ऐन मध्यावर नावाची पुसट अक्षरे उमटवायची. मी विचारले, “आणि कुणी स्क्रीनशॉट घेतला तर?” पुतण्या नुसता हसला.

त्या हसण्यातच सारे मर्म होते. आपण समजतो, की चित्र दूर कुठे तरी मांडलेले असते आणि आपण ते खिडकीतून पाहतो. तसे नसते. पान उघडताच चित्राची प्रत पाहणाऱ्याच्या यंत्रात येऊन पडते आणि मगच ते डोळ्यांना दिसते. म्हणजे इथे दाखवणे हेच देणे! हळदीकुंकवाला बोलवायचे आणि वाण मात्र द्यायचे नाही, हे या दारात चालत नाही. कुलपे साध्यासुध्या माणसाला अडवतात. ज्याला न्यायचेच आहे तो दोन मिनिटांत नेतो. वॉटरमार्क तेवढा थोडा टिकाव धरतो. पण रांगोळीच्या मध्यावर अक्षरे उमटवायची म्हणजे पाहुण्यांच्या आधी आपणच तिच्यावर पाय देण्यासारखे आहे.

ही तक्रार काही आजची नव्हे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याची ठशांनी छापलेली चित्रे लोक बिनदिक्कत उतरवून विकत. १५१२ साली न्यूरेम्बर्गच्या नगरसभेने अशा एका विक्रेत्याला दिलेली ताकीद विचार करण्याजोगी आहे. नक्कल विकू नकोस असे तिने म्हटले नाही. तिच्यावरची ड्यूररची खोटी नाममुद्रा काढून टाक, एवढेच बजावले. पुढे १७३५ साली इंग्लंडात विल्यम होगार्थ आणि त्याच्या सोबत्यांच्या खटपटीने कोरीव चित्रांसाठी कायदा झाला. त्याने नकलेला १४ वर्षे मनाई केली; पण प्रत्येक प्रतीवर मालकाचे नाव हवे, अशी अटही घातली. आपला १९५७ चा कायदाही परवानगीवाचून नक्कल करू देत नाही. शिवाय कर्त्याने हक्क विकून टाकले, तरी ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा त्याचा अधिकार विकला जात नाही.

आईला यातले काही ठाऊक नव्हते. पण तिच्या वहीत हाच न्याय होता. आळीतल्या बायका तिच्या रांगोळीचे ठिपके मोजून नक्षी उतरवून नेत. तीही त्यांच्या दारातून आणी. त्याला चोरी कुणी म्हणत नसे. मात्र वहीत प्रत्येक नक्षीखाली बारीक अक्षरांत नोंद आहे : ‘१५ ठिपके, १५ ओळी. कोपऱ्यावरच्या काकूंची.’ त्या काकू कधीच गेल्या. त्यांच्या कमळांना अजून त्यांचा पत्ता आहे. जाहिरातीने मला बोचले ते हेच. पैसे बुडाले म्हणून नव्हे. आई जाऊन सहा वर्षे झाली, आणि तिच्या हातची रेघ जगात पोरकी फिरत होती.

ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने असल्या दुखण्यावर उलटाच उपाय केला. व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या पिवळट, बिघडलेल्या नकला इंटरनेटवर इतक्या पसरल्या, की संग्रहालयातली खऱ्या रंगांची कार्डेच लोकांना खोटी वाटू लागली. तेव्हा संग्रहालयाने आपली अस्सल प्रत स्वतःच खुली केली. २०१२ पासून तर तिथल्या हजारो चित्रांच्या मोठ्या प्रती कुणालाही घरबसल्या उतरवून घेता येतात. व्हर्मीरला नावाची ददात नाही, आईला आहे; तरी अस्सल प्रत नावागावासह पुढे मांडावी, हा धडा आम्हांलाही पटला.

आता पानावर पडद्यापुरती लहान प्रत असते. छापण्याजोगी मोठी घरी. खाली ठळकपणे आईचे नाव, गाव, वर्ष. तेच नाव फाइलीच्या पोटातही भरले आहे. कोपरा कातरला म्हणून ते सहसा जात नाही. स्क्रीनशॉटमध्ये मात्र येत नाही, हेही खरे. आणि एक ओळ : ‘हवी तर मागा, मोठी प्रत पाठवू.’

त्या दुकानदाराला मी पत्र धाडले होते. उत्तर आलेले नाही. पण मागणाऱ्यांचीही पत्रे येऊ लागली आहेत. परवा एका शिक्षिकाबाईंनी वर्गातल्या मुलींसाठी एक रांगोळी मागितली, आणि शेवटी विचारले, “आईंचे नाव नुसतेच लिहू, की पुढे ‘बाई’ लावू?”

मी कळवले, ‘बाई’ लावा. तिला आवडायचे.