माझे शुद्धलेखन

अशुद्ध लिहिलेले दिसले की माझा हात शिवशिवू लागतो. मग ती दुकानावरची पाटी असो, लग्नपत्रिका असो, की देवळातील सूचना असो. खिशातले लाल पेन बाहेर काढण्याचा मोह मी कसाबसा आवरतो. इतकी वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यावर माणसाला दुसरी कोणती खोड लागणार? ही खोड अगदी निरुपद्रवी आहे, फार तर तिच्यापायी चारचौघांत आपले थोडे हसे होते, अशी माझी समजूत होती. पण गेल्या पावसाळ्यात याच खोडीपायी मी आईच्या जिवाशी खेळलो. आणि आमच्या आशाताईंनी दाखवून दिले नसते तर ते माझ्या ध्यानातही आले नसते.

झाले असे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी मोबाइल घेऊन बसलो होतो. कुणीसा पाठविलेला एक मजकूर समोर आला. रक्तदाबाच्या गोळ्या कायमच्या सुटण्याचा रामबाण उपाय त्यात सांगितला होता. सकाळी अनशापोटी लसूण, मध नि कसलासा काढा घ्यायचा, की एकवीस दिवसांत गुण! मजकूर खरा की खोटा, हा विचार माझ्या मनाला शिवलाच नाही. मला दिसले ते एवढेच, की 'रक्तदाब' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला आहे आणि 'मूत्रपिंडा'तला 'मू' ऱ्हस्व आहे. अर्धा तास खपून मी तो सगळा मजकूर शुद्ध केला, परिच्छेद पाडले, विरामचिन्हे दिली, आणि मोठ्या समाधानाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धाडून दिला.

आईही त्या गटात आहे, हे मी विसरलो होतो. एरवी असल्या मजकुरांना ती भीक घालीत नाही. 'धड चार ओळी लिहिता येत नाहीत, आणि निघाले औषध सांगायला!' असे म्हणून बाजूला सारते. पण हा मजकूर कसा नीटनेटका होता, आणि आला होता मुलाच्या नावाने. दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी बंद केली. मला त्याविषयी काही सांगितले नाही. सांगायचे काय? मीच तर तिला सांगितले होते!

बारा दिवसांनी आशाताई आमच्याकडे आल्या. आशा हे त्यांचे नाव नव्हे, काम. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून साधारण हजार वस्तीमागे एक अशा या बाया गावोगाव नेमल्या गेल्या. 'ताई' हा शब्द गावाने मागाहून प्रेमाने जोडला. त्यांनी आईला विचारले, "गोळ्या चालू आहेत ना, आजी?"

"सोडल्या की! आणि बघ, काही होत नाही. उलट हलके वाटते."

आशाताईंचा चेहरा उतरला. "हाच तर या दुखण्याचा कावा, आजी. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा माणसाला काही कळत नाही. चला माझ्याबरोबर."

उपकेंद्रात आईचा रक्तदाब भरला १८४ वर १०६. १४० वर ९० म्हणजेच वाढलेला समजतात. तिथल्या अधिकारी बाईंनी ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी गाठ घालून दिली. पडद्यावर डॉक्टर दिसताच आईने डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. छातीत दुखते का, हातापायाला मुंग्या येतात का, बोलताना जीभ जड होते का, असे सगळे डॉक्टरांनी विचारून घेतले. गोळ्या त्याच दिवसापासून सुरू करायला लावल्या आणि चार दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितले.

परत येताना मी तणतणलो, "असले खोटेनाटे पाठवितात तरी कोण?"

आशाताईंनी आईचा मोबाइल पाहिला. मग हलकेच म्हणाल्या, "गुरुजी, हे तुम्हीच पाठवलेले आहे."

"मी फक्त शुद्धलेखन सुधारले हो!"

"त्यानेच तर आजींना खरे वाटले."

मला वाट पुरेना. माझी अवस्था पाहूनच की काय, त्या आपली गोष्ट सांगू लागल्या. पहिल्यांदा मोबाइलवर नोंदी करायचे काम आले तेव्हा त्यांचा हात कापे. एकाच नावाच्या दोन बायका वस्तीत; एकीची साखर त्यांनी दुसरीच्या नावावर चढविली. रात्री वहीशी ताडून पाहताना चूक उमगली, तेव्हा कुठे निस्तरली. "तेव्हापासून नाव, वय आणि नवऱ्याचे नाव मोठ्याने वाचल्याशिवाय मी बटण दाबत नाही," त्या म्हणाल्या. आरोग्याचे चौदा आकडी 'आभा' खाते काढून देतानाही त्या म्हाताऱ्यांना बजावतात, की मोबाइलवर आलेला आकडा कुणी मागितला तर आधी कशाला हवा ते विचारा. मला देतानासुद्धा विचारा!

आणि आलेल्या मजकुराविषयी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले आहेत. हे सांगतो कोण? त्यात त्याला काही विकायचे आहे का? आणि आपल्या डॉक्टरांना विचारले का?

त्या रात्री मला झोप आली नाही. १८९७ साली मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस काढली आणि ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. तरीही लोकांत अफवा उठल्याच. त्याच वर्षी, मुलींना अक्षर शिकविणाऱ्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. तेव्हाच्या अफवांना आपण अडाणीपणाचे लेणे म्हणतो. पण आमच्या घरातली अफवा कुणा अडाण्याने पसरविली नव्हती. ती शाळामास्तराने ऱ्हस्वदीर्घ तपासून पसरविली होती.

सकाळी उठून मी गटावर लिहिले, की मी पाठविलेला मजकूर खोटा आहे, कुणीही गोळ्या सोडू नयेत. सोलापूरच्या मावशीचा लगेच फोन आला. तिनेही आठवडाभर लसूण धरला होता!

आता शनिवारच्या शेवटच्या तासाला माझी मुले घरी आलेला एकेक मजकूर वहीत उतरवून आणतात. आशाताईंची मुलगीही त्याच वर्गात आहे. आधी फळ्यावर ते तीन प्रश्न. लाल पेन त्यानंतर.

आईही या विद्येत तरबेज झाली आहे. परवा ती चकल्या तळत असताना मी सहज म्हणालो, "मीठ जरा बेतानेच घाल हो. रक्तदाबाला बरे नसते म्हणतात."

झारा तसाच हातात धरून तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कोण म्हणतात?"

डॉक्टरांचे नाव सांगितले तेव्हा कुठे तिने मान डोलावली. पण भिजविलेल्या पिठातले मीठ काही आता निघणार नव्हते, तेव्हा डब्यातल्या चकल्या माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "मग या तूच संपव."